वरचे दात

आमच्यात जनावराची पारख करायची तर आदी तोंड उघडून बघत्यात. बाजारात बाकीची लोकं मेंढराची पाठ दाबून बघत्यात, लोकर उपसून बघत्यात. माझा सासरा नुसता आंगठ्यानं खालचा ओठ खाली करायचा आन् म्हणायचा, "दुदाती." न्हायतर म्हणायचा, "चौदाती." न्हायतर, "जुळलीया." जुळली म्हंजी आठी दात आले, जनावर ऐन भरात हाय. हे आठ दात खालचे बरं का. शेळीला, मेंढीला, गाईला वरनं म्होरचे दातच नसत्यात. वर नुसता हिरडा, घट्टा पडल्यावानी. खालच्या दातात आन् वरच्या घट्ट्यात पाला धरायचा आन् मान हिसकून तोडायचा. आत दाढा असत्यात, त्या रवंथ करायला.

मला बघायला आले तवा बी सासऱ्यानं तेच केलं. म्हणला, "पोरी, हास बघू जरा." मी लाजून हासले.

"दुदाती हाय," त्यो म्हणला. "अजून लहान हाय, पर चालंल."

माझी आई चुलीम्होरनं बोलली, "पाव्हणं, पोरगी हाय ती. कोकरू न्हवं."

सगळी हासली. त्या हासण्यातच लगीन ठरलं.

सासऱ्याला मी मामंजी म्हणायची, सासूला आत्याबाई आन् नवऱ्याला मालक. माझं माह्यार करकंबचं. बाप नव्हता, आई हुती आन् एक थोरला भाऊ. हिरीला पाणी हुतं, थोडा ऊस हुता, म्हस हुती. सासर सांगोल्याकडं, कोरड्या मुलखात. तितं शेत नावाला आन् मेंढरं पोटाला. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन भाईर पडायचं, भीमा वलांडायची आन् मोडनिंबाकडच्या माळाला तळ टाकायचा. घोंगड्याचं छप्पर, तीन दगडाची चूल. तितनं माझं माह्यार अर्ध्या दिसाच्या चालीवर पडायचं, म्हणून मला त्यो माळ लई आवडायचा.

म्या सांगतीया त्या साली पाऊस आला न्हाय म्हणलं तरी चालंल. दसऱ्याच्या अंगाला मला पोरगी झाली. पयलीच. चांगली भरल्या अंगाची हुती. माळाला आल्यावर मला हिवताप आला. ताप गेला, पर जाताना छातीतलं दूध आटवून गेला. पोरगी वढायची, वढायची आन् रडायची. आत्याबाईनं मला उसाचा रस पाजला, शेपू खाऊ घातली, खोबरं चावायला दिलं. काय बी उपेग झाला न्हाय.

मंग आत्याबाई कळपातनं काबरीला घिऊन आली. काबरी ही आमची म्हातारी शेळी. अंगावर पांढरं-काळं ठिपकं, म्हणून काबरी. तिची दोन करडं हुती. एक लांडग्यानं न्हेलं, दुसरं आपसूक गेलं, आन् तिची कास तटतटली हुती.

आत्याबाई म्हणली, "शेळीला दोनच सडं असत्यात बघ, बाईवानी. म्हशीला चार, कुत्रीला वळीनं. ज्याला जेवढी पिल्लं, तेवढी देवानं मोजून दिल्यात. शेळीचं लेकराला सोसतं."

पर शेळी दुसऱ्याचं पिल्लू घेत न्हाय. ती डोळ्यानं न्हाय, नाकानं वळखतीया. करडू जलमल्या-जलमल्या चाटती, तवा त्याचा वास तिच्यात जातो. एकदा चाटलं की ते तिचं. आत्याबाईनं काय केलं, पोरीच्या पाठीला मिठाचं पाणी लावलं आन् तिला घोंगड्यावर पालथी टाकली. काबरीनं हुंगलं. शिंकली. मागं सरली. मंग मिठापायी का हुईना, तिनं जीभ लावली. खरबरीत जीभ, पोरगी कळवळून रडली. त्या रडण्यासरशी काबरीच्या सडातनं दूध ठिबकाय लागलं. माझ्या डोळ्याम्होरं ठिबकलं. म्या पोरीला खाली सरकवली आन् काबरीनं आपसूक मागचे पाय फाकले.

तितनं म्होरं पोरगी रडली की काबरी चरायची सोडून पळत यायची. माळावरची बायामाणसं गंमत बघाय यायची. एक म्हातारी मला म्हणली, "तुझ्या पोरीला उद्या शिंगं फुटत्याल गं."

म्या म्हणलं, "फुटू द्यात. तुमास्नी ढुसण्या मारायला हुत्याल."

पर काबरीचे दात गेले हुते. जुळून लई वरसं झाली हुती. आठातले काय पडलेले, काय झिजून हिरड्याला टेकलेले. आमच्यात आसा नेम हाय की, दात गेलेलं जनावर उन्हाळा लागायच्या आदी इकायचं. दुष्टपणा न्हवं त्यो. दात गेले की जनावर भरल्या रानात उपाशी मरतं, पाला तोंडाम्होरं असतो आन् तुटत न्हाय. मामंजीनं शिमग्याला तिचं तोंड उघडून बघितलं आन् माझ्याकडं बघितलं.

म्या म्हणलं, "मामंजी, पोरीला दात येईपतोर ऱ्हाऊ द्या तिला. मंग ती भाकरी खाईल."

त्यो म्हणला, "म्हंजी शर्यत लागली म्हण की. हिचे सरायच्या आदी तिचे याय पायजेत."

"व्हय," म्या म्हणलं.

"चारणार कोण तिला?"

"मी चारते."

तवापास्नं मीच काबरीचे दात झाले. बाभळीच्या शेंगा दगडावर कुटायच्या, पाण्यात भिजवायच्या, तिच्या तोंडाला लावायच्या. कडब्याचं चिपाड ठेचायचं. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. शेळीच्या वरच्या हिरड्यागत माझे तळहात झाले.

मेंढरं मरायला लागली हुती. मामंजी म्हणायचा, मेंढीचा वरचा ओठ मधनं फाटलेला असतो, तो भुईसरपट गवत कुरतडायला. भुईला गवतच नसलं तर त्यो ओठ काय कामाचा? शेळी मागच्या दोन पायावर हुबी ऱ्हाती, काट्यातला पाला जिभंनं वढून घेती, म्हणून ती मागं ऱ्हाती. आमच्या डोळ्याम्होरं तसंच झालं. मेंढ्या आदी गेल्या. ज्या शेळ्या ऱ्हायल्या त्या समद्या भाकड, दुधाची येक काबरीच.

आत्ता माझी नात शाळंतलं पुस्तक वाचून दावती. जी जी पिल्लाला दूध पाजत्यात ती समदी एका वळीतली, वटवाघूळ बी त्यातलंच, समुद्रातला देवमासा बी त्यातलाच. आन् जशी जिमीन तसा प्राण्याचा जबडा, तसा पाय, आसं बदलत बदलत झालं म्हणं. म्या इचारलं, किती दिस लागलं त्याला? ती म्हणली, "आज्जी, लाखो वरसं." असतील. आमास्नी एक उन्हाळा हुता.

त्या उन्हाळ्यात ठरलं हुतं आसं की, वैशाखातल्या आखितीला माझा भाऊ बैलगाडी घिऊन येणार आन् मला न् पोरीला करकंबला न्हेणार. तितं म्हशीचं दूध हुतं. पाऊस पडंपतोर तितंच ऱ्हायचं. मी दिस मोजत न्हवते, पर काबरीला रोज सांगत हुते, आखितीपतोर दम धर.

आखिती आठवड्यावर आली आसंल. पोरगी पीत हुती आन् काबरी एकदम उसळली, पाय झाडला. म्या सड बघितलं तर वरनं बारीक वरखडा. मला हसू फुटलं.

"आत्याबाई, दात आला! पोरगी चावली तिला!"

आत्याबाई हातातलं काम टाकून आली. पोरीच्या तोंडात बोट घातलं, फिरवलं. आन् तिचं तोंड उतरलं.

"वरचा हाय गं."

म्या बी बोट घातलं. वर दोन कण्या, तांदळाच्या कणीवानी. खाली काय न्हाय.

तुमास्नी ठाव नसंल तर सांगते. लेकराला खालचे दात आदी यायचे असत्यात. वरचे आदी आले तर ते मामाला जड. खालचे येईपतोर मामानं त्या लेकराचं तोंड बघायचं न्हाय, बघितलं तर मामाच्या जिवावर येतं. हे समद्यांस्नी ठाव हुतं. माझा भाऊ आईला एकला, त्याच्याच जिवावर घर. कुणी मला जबरदस्ती केली आसं न्हाय. मला बी ते खरंच वाटत हुतं.

मालक करकंबला जाऊन सांगून आले. आईचा निरोप घिऊन आले, "खालचे आल्याबिगर पोरीला हिकडं आणू नगंस. एका घरात किती लपवशील? मला पदर पसरून सांगायला लावू नगंस."

मंग आखितीला बैलगाडी आली न्हाय. दुसऱ्या का तिसऱ्या दिशी मी शेंगा कुटत हुते, तर बाभळीच्या पल्याडनं हाक आली.

"बाय, मी आलो गं."

बघते तर भाऊ. डोक्यावर काबरीसाठी उसाच्या वाढ्याचा, हिरव्या शेंड्याचा भारा. आन् आमच्याकडं पाठ करून हुबा.

"दादा, वळू नगंस. पोरगी कडंवर हाय माझ्या."

"न्हाय वळत. आईनं शपथंला बेलभंडारा उचलायला लावलाय."

त्यानं भारा तसाच मागं टाकला. पागुट्यात गुळाचा खडा बांधून आणला हुता, त्यो पाठीमागं हात करून म्होरं केला. म्या जाऊन घेतला.

"कुणावर गेलीया पोरगी?"

"तुझ्यावर. नाक तसंच हाय, फताडं."

"मंग तिचं लगीन कसं हुयाचं गं?" त्यो मोठ्यानं हासला. त्याचं हासणंच आसं हुतं, ढोल वाजल्यागत. ते ऐकून पोरगी बी खिदळली.

त्यो गपकन थांबला. "हासली व्हय गं ती?"

"हासली."

"दात दिसले?"

"दिसले की. त्यापायीच तर तुझी पाठ बघतीया मी."

त्याची मान जराशी हालली. मला वाटलं वळतोय. म्या पदर पोरीच्या तोंडावर वढला. पर वळला न्हाय. "भाचीला सांग," म्हणला, "मामा पाठमोरा आलाय, पर आलाय."

मंग त्यो अधनंमधनं यायचा. बाभळीपल्याड पाठ करून हुबा ऱ्हायचा, करकंबच्या गोष्टी सांगायचा, हीर किती खाली गेली, म्हस किती दूध देती. दूध आणायचं तर वाटंतच नासायचं, आसं ऊन. एकदा आणलं बी, त्याचं पाणी न् चोथा झाला हुता. पोरीला त्याचा आवाज कळाय लागला हुता. त्यो बोलाय लागला की ती त्याच्या पाठीकडं हात करायची. मी त्याला सांगायची, "हात केलाय बघ तिनं." तसा त्यो बी हात मागं करायचा, बोटं हालवायचा. एवढ्या लांबनं.

मी रोज सकाळी पोरीच्या खालच्या हिरड्यावरनं बोट फिरवायची. आत्याबाई बी फिरवायची. मालक बी कुणी बघत न्हाय आसं बघून फिरवायचे. हिरडा सुजला हुता, लाळ गळत हुती, पर वर काय येत नव्हतं. मामंजी एकदा म्हणला, "कोकरास्नी खालचेच येत्यात. शेळीचं दूध पिऊन बी हिला वरचेच कसे आले?"

मिरग लागायच्या सुमाराला काबरी बसली. वाढं पुढ्यात टाकलेलं तसंच. म्या ठेचून दिलं, ती जिभंनं इकडनं तिकडं फिरवायची आन् गळून पडायचं. सडात दूध न्हाय, नुसतं चिकाट पाणी. पोरगी रडली की ती उठायला बघायची. म्होरचे गुडघे टेकायची आन् मागनं उठत नव्हती. तरी दर खेपंला बघायची.

एका सकाळी ती गेली. मामंजी तिच्यापाशी बसला, सवयीनं आंगठ्यानं खालचा ओठ खाली केला. येक दात हुता, त्यो बी हालता. "चांगली टिकली," एवढंच म्हणला आन् पागुटं तोंडावर वढून बसला. आमची शेकडा मेंढरं मेल्यावर त्यानं तोंड झाकलं नव्हतं.

मंग जुंधळ्याची पेज पाजली. पोरीला ती सोसली न्हाय. हगवण लागली. हां हां म्हणता तिचं अंग उतरलं, मांडीचं कातडं बोटात यायला लागलं. रडायचं बी कमी झालं. त्याचंच मला भ्या वाटाय लागलं.

मामंजी म्हणला, "पोरी, ऊठ. करकंबला जा. दाताबिताचं काय आसंल ते बघून घिऊ."

आत्याबाईनं आपल्या लुगड्याचा धडपा फाडला आन् पोरीच्या तोंडावरनं सैल बांधला, नाक तेवढं उघडं. मालकानं पोरीला खांद्यावर घेतलं. पहाट फुटायला निघालो आन् उन्हं वर आल्यावर पोचलो.

आई दारातच हुती. मला आत घ्यायच्या आदी तिनं पोरगी घेतली, पदराखाली. "त्याला म्या मळ्यात धाडलाय," ती म्हणली. "भाकरी बी तिकडंच देते. बस तू."

म्हशीचं दूध, पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं पाजलं. पयल्या दिशी पोटात ऱ्हायलं. पोरीनं डोळं उघडून माझ्याकडं बघितलं, माझ्या बांगड्या धरल्या. आई म्हणली, "लागलं बघ दूध. आता काय न्हाय." मळ्यातनं भावानं गड्याबरूबर इचारून पाठवलं, पोरगी कशी हाय? आईनं सांगितलं, पीतीया.

दुसऱ्या दिशी दूध ऱ्हायलं न्हाय. तिसऱ्या दिशी तिनं बोळा तोंडात घेतलाच न्हाय. उन्हं कलताना माझ्या मांडीवरच ती गेली. आवाज केला न्हाय तिनं.

लहान लेकराला आमच्यात पुरत्यात. खड्डा काढायला मामाच लागला. आईनं गड्याला मळ्यात धाडलं. भाऊ आला, दाराशी थांबला, सवयीनं पाठ करून. तसाच हुबा ऱ्हायला.

म्या म्हणलं, "दादा, वळ आता."

त्यो वळला. माझ्याम्होरं यिऊन बसला. तोंडावरचा धडपा त्यानंच सोडला. लई वेळ बघितलं. मंग धनगराचा हात त्यो, आंगठ्यानं अलगद ओठ वर केला. वरचे दोन दात, पांढरेधोट. मंग खालचा ओठ खाली केला आन् हिरड्यावरनं आंगठा फिरवला. फिरवत फिरवत एका जागी थांबला.

"बाय," त्यो म्हणला. "हितं लागतंय गं हाताला."

म्या बोट लावलं. लागत हुतं. कातडीखाली, अगदी वर आलेलं.

आई कोपऱ्यात हुती. तिनं इचारलं न्हाय काय लागतंय म्हणून. भावानं पोरीला उचललं, छातीशी धरलं आन् मळ्याकडं न्हेलं. जाताना तिचं तोंड त्यानं उघडंच ठेवलं हुतं.

म्होरं मला लेकरं झाली. समद्यांस्नी खालचेच दात आदी आले. भाऊ त्यास्नी बघाय यायचा, खांद्यावर घिऊन नाचायचा. पर दाराशी आल्यावर येक घडीभर पाठ करून हुबा ऱ्हायचा, मी "ये की रं दादा" म्हणंपतोर. लेकरास्नी वाटायचं मामा गंमत करतोय. ती बी त्याच्याम्होरं पाठ करून हुबी ऱ्हायची आन् खिदळायची.

त्याला काय झालं न्हाय. लई जगला. आई गेली, मालक गेले, त्याच्या बरूबरीचे समदे गेले, त्यो ऱ्हायला. म्हातारपणी त्याचे दात पडाय लागले ते वरचे आदी. समदे वरचे गेले, खालचे तेवढे हुबे. गेल्या साली, जायच्या आदी, माझ्याकडं चार दिस ऱ्हायला हुता. म्या त्याला शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून दिली.

त्यो तोंड वासून मला दावत म्हणला, "बाय, बघ. शेळी झालोय. वर घट्टा, खाली दात."

मी हासले. त्यो बी हासला, पयल्यागत ढोल वाजल्यावानी न्हाय, जरासंच. मंग ताट घेतलं आन् भिंतीकडं तोंड करून जेवाय बसला.

म्या त्याला वळ म्हणलं न्हाय.